काळ्या रेघांची तिकिटं

त्या गुरुवारी दुपारी मी कामावरून घरी आलो तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीवर तिकिटं चिकटवलेली होती. पोस्टाची जुनी तिकिटं. पांढऱ्या टाइल्सवर, ओळीने, वाळायला लावलेली. खाली कपडे धुवायच्या टबात फिकट निळं पाणी होतं. ते पाणी पाकिटांवरच्या शाईने निळं झालंय हे माझ्या लक्षात आलं.

मागून ताई आल्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, माझी आकडसासू. बायको गेल्यापासून त्या माझ्याकडेच राहत होत्या.

"बघितलंत, पाहुणे?" त्या म्हणाल्या. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला पाहुणे म्हटलं आणि पुढे सगळा जन्म मी त्यांचा पाहुणाच राहिलो. "एकही फाटलं नाही. सगळी अलगद सुटली. बिचारीला वेळच मिळाला नसेल हो. कपाटात ती पाकिटं तशीच पडली होती, तिकिटांसकट."

"पाकिटं कुठायत?" मी विचारलं.

"पाकिटांचं काय करायचंय? सकाळी रद्दीवाल्याची गाडी आली होती, दिली त्याला." मग त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिकीट पाण्यात कसं सोडवायचं ते तिला मीच शिकवलं होतं. फ्रॉकात होती तेव्हा. बशीत पाणी घ्यायचो आणि दोघी तोंड खाली घालून बसायचो. म्हटलं, तिचं एक काम तरी आपल्या हातून पुरं होऊ दे."

आणि त्या हसल्या. बायको गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. स्वयंपाकघरात त्यांचं जेवलेलं ताट दिसत होतं, तेही स्वच्छ संपवलेलं. इतके दिवस त्या दोन घास खाऊन उठत.  रद्दीवाल्याकडे जातोय हे सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकाचा नळ राहिलाय म्हणालो आणि पिशवी उचलून जिना उतरलो.

मी नळ-पाइपांची कामं करतो. तिकिटांतलं मला काही कळत नाही. पण माझी बायको तिकिटं जमवत नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. ती शिक्के जमवायची. तिकिटावर आणि पाकिटावर मिळून जो शिक्का बसतो तो. लोकांना तिकिटं आवडतात आणि हिला त्यांच्यावरची घाण आवडते, असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि ही म्हणायची, गटारात हात घालणाऱ्याने घाणीबद्दल बोलू नये.

ती एका विमा कचेरीत टपाल उघडायच्या टेबलावर होती. रोज ढिगाने पाकिटं हातांखालून जायची. त्यातून तिला हा नाद लागला. पुढे जुनी पाकिटं मिळवू लागली, आणि त्यातही फक्त अशी, ज्यांच्यावरचा शिक्का हाताने नाही, यंत्राने मारलेला आहे. आपल्या गावच्या पोस्टात पहिलं यंत्र आलं त्या काळातली. एक माणूस दांडा फिरवायचा, दुसरा पाकिटं उभी करून रुळांच्या मधे सारायचा, आणि पाकीट पलीकडे पडेपर्यंत त्यावर डावीकडे तारखेचा गोल आणि उजवीकडे तिकिटावर नागमोडी काळ्या रेघा. हे सगळं तिने मला जेवताना सांगितलेलं. मी ऐकायचो ते तिचा चेहरा बघण्यासाठी.

तिकीट संग्राहकांच्या मंडळाने या यंत्रांवर एक पुस्तक काढलं आहे. त्यात छापलंय की आपलं यंत्र ऑक्टोबरात सुरू झालं. हिच्याकडे जूनचं पाकीट होतं. बियाणं विकणाऱ्या एका जुन्या पेढीचं, त्याच वर्षीचं. यंत्रवाल्या कंपनीने यंत्र आधी थोडे दिवस चालवून बघायला दिलं असणार आणि परत नेलं असणार, असं तिचं म्हणणं. कोणी ते लिहून ठेवलं नाही. मंडळाचे सचिव ऐकायला तयार नव्हते. ते दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. ही त्यांना घरात ‘कवळी’ म्हणायची. झेरॉक्स पाठवली तर त्यांचा निरोप आला, झेरॉक्सवर मी काही छापत नाही, अस्सल पाकीट डोळ्यांनी बघीन तेव्हाच. पुस्तक नव्याने छापायला चाललं होतं. ते येणार होते, आणि त्याआधी ही आजारी पडली.

शेवटच्या दिवसांत तिच्या बोलण्यात औषध नव्हतं, देव नव्हता. "कवळीला पाकीट दाखवायचं राहिलं," असं मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, दाखवीन. आणि सचिवांना फोन करून रविवारी बोलावलं होतं.

रद्दीचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला, सायकलवाल्याच्या शेजारी आहे. मी पोहोचलो तेव्हा दुकानदार वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधत होता. बाहेर मालाचा टेम्पो उभा होता. 

"सकाळी आमच्याकडून पाकिटं आली होती," मी म्हटलं. "जुनी. ती गेली का?"

त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्याकडची होय ती? वयाचा मान ठेवून सांगतो काका, हे बरं नव्हे. रद्दी भिजवून द्यायची, म्हणजे वजन वाढतं. हे धंदे पोरं करतात."

"अहो, मी नाही भिजवली."

"सगळे असंच म्हणतात. एक जण म्हणाला, पाऊस आला होता. म्हटलं, फक्त तुझ्याच घरात?"

"पाकिटं कुठायत तेवढं सांगा."

"ओला कागद मी गठ्ठ्यात घालत नाही. बुरशी धरते, मग कागदाच्या गिरणीवाला सगळा गठ्ठा माझ्या अंगावर टाकतो. मागे पसरलीत."

दुकानाच्या मागे पत्र्याखाली मोकळी जागा होती. तिथे पाकिटं फरशीवर पसरलेली होती. उडू नयेत म्हणून प्रत्येक रांगेवर विटा ठेवल्या होत्या. मी गुडघ्यावर बसलो. प्रत्येक पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात तिकिटाच्या आकाराची रिकामी जागा होती. शाईने लिहिलेले पत्ते वाहून निळे डाग झाले होते. पण शिक्के जसेच्या तसे होते. ती शाई तेलातली, पाण्याला दाद न देणारी, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं आणि तेव्हा मी म्हटलं होतं, मग पाइपच्या जोडाला लावायला आण थोडी.

जूनचं पाकीट भिंतीजवळच्या रांगेत होतं. विटेचा कोपरा त्याच्या पाठीवर उमटला होता. गोल शिक्का मात्र, उजवीकडची किंचित कड सोडली तर, पुरा होता, महिना आणि वर्ष दोन्ही वाचता येत होतं. मला वाटलं, सुटलो.

मग मी नीट पाहिलं. पेढीचं पाकीट जड असणार, म्हणून त्यावर दोन तिकिटं शेजारी शेजारी लावलेली होती. गोल कागदावर पडला होता आणि नागमोडी रेघा सगळ्याच्या सगळ्या त्या दोन तिकिटांवर गेल्या होत्या. तिकिटं सुटली तशा रेघाही गेल्या. उरला होता नुसता तारखेचा गोल. आणि नुसता गोल हाताच्या ठशानेही मारतात. यंत्राची खूण रेघांत असते. म्हणजे आता हे पाकीट काहीच सांगत नव्हतं.

"एवढं काय आहे हो त्यात?" रद्दीवाल्याने मागून विचारलं. "प्रेमपत्रं?"

"पत्रं नाहीत. नुसती पाकिटं."

"मग तर कमालच झाली," तो म्हणाला, पण त्याने मला एक कोरडं खोकं दिलं आणि सगळी पाकिटं त्यात रचायला स्वतः बसला. वजनाचं नाव काढलं नाही.

पाकिटं मी घरात नेली ती पान्यांच्या पिशवीखाली लपवून. स्वतःच्या घरात चोरासारखा शिरलो. ताई न्हाणीघरात वाळलेली तिकिटं नखाने हळूच सोडवून वहीच्या पानांत ठेवत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभा राहून भिंत वाचत गेलो. यंत्राच्या रेघा ज्यांच्यावरून हुकल्या होत्या तेवढीच तिथे होती, एकूण एक स्वच्छ, कुठे कोपऱ्यावर एखादी फिकी रेघ. काळ्या रेघांचं एकही नव्हतं.

मी होता होईल तेवढ्या सहज आवाजात विचारलं, "ताई, सगळी एवढीच होती?"

"छे. बरीच खराब होती. ती काढून टाकली."

"खराब म्हणजे?"

"म्हणजे वरून काळ्या रेघा मारलेली. राजाचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. असली अल्बमात कोण लावतं? तिलाही मी लहानपणी असली लावू द्यायची नाही, रडायची तरी."

"कुठे टाकलीत?"

"केरात. काही टबातच राहिली असतील, पाण्याबरोबर गेली. का हो? चेहरा का असा झालाय तुमचा? जेवला नाहीत ना दुपारचं?"

केर सकाळीच गेला होता. गाडी घेऊन गेली होती. राहिला तो टब. मी म्हटलं, पाणी सावकाश जातंय, जरा जाळी बघतो. हे खरंही होतं. कागद अडकला की पाणी सावकाश जातं.

लोकांच्या घरी मी हे काम डोळे मिटून करतो. त्या दिवशी मोरीखालचा वळणाचा पाइप उघडताना माझा पाना दोनदा निसटला. ताई बॅटरी धरून उभ्या होत्या.

"पाहुणे, आधी जेवून घ्या. उद्या करा."

"उद्या नाही चालणार."

"तुंबलेलं थोडंच आहे? माझी आंघोळ झालेली आहे, तुम्ही तर चार दिवस केली नाहीत तरी कोणाला कळणार नाही."

मी पाइपच्या वळणातलं सगळं पाणी बादलीत घेतलं. वरचं ओतून दिलं आणि गाळ परातीत पसरला. केस, साबणाचा लगदा, एक बटण. आणि त्यात चिकटून बसलेली तिकिटं. काही विरघळून चोथा झालेली, काही शाबूत. मी एकेक बोटाच्या टोकावर उचलून टिपकागदावर ठेवत गेलो. शाबूत होती ती सगळी काळ्या रेघांची.

"अहो, ती टाका. खराब आहेत म्हटलं ना!"

"असू देत. आठवण म्हणून ठेवतो."

 ताई म्हणाल्या, "तुम्हीही तिच्यासारखेच झालात," आणि बॅटरी जवळ आणली.

शुक्रवार आणि शनिवार मी कामाला गेलो नाही. ताईंना म्हटलं कंबर धरलीय. मग कंबर धरल्यासारखं चालावंही लागलं, आणि त्या तेल गरम करून घेऊन आल्या. त्या बाजारात गेल्या की मी दार लावून पाकिटं काढायचो. तिच्या भिंगातून बघायचो. पाकिटावरच्या रिकाम्या जागेत तिकीट ठेवायचं आणि कागदावरची रेघ तिकिटावरच्या रेघेला मिळते का ते पाहायचं. बाकीच्या पाकिटांवर रेघांची सुरुवात कागदावरच होती, त्यामुळे थोडी जुळली. एक रेघ दुसरीला मिळायची तेव्हा जीव भांड्यात पडायचा. पण ती माझ्या कामाची नव्हती. मला हवी होती ती जूनची दोन.

त्यातलं उजवीकडचं मिळालं. तिने आपल्याकडे ठेवलेल्या झेरॉक्सवर त्या तिकिटाचा वरचा उजवा कोपरा दिसत होता, त्याचा टोकाचा दाता तुटका होता. मोरीतून निघालेल्या एका तिकिटाचा तोच दाता तसाच तुटका होता, आणि रेघा टोकाला जिथे संपत होत्या तेही सारखं होतं. डावीकडचं तिकीट मात्र मिळेना. त्याचीच खरी गरज होती. गोलाची कड किंचित त्याच्यावर चढली होती, हे झेरॉक्सवर दिसत होतं. गोल आणि रेघा एकाच फटक्यात पडल्या याचा साक्षीदार तेवढा एकच. मी परात पुन्हा चाळली. चोथा बोटांनी उलगडला. पुढचा पाइपही उघडला. खाली आवारातल्या चेंबरचं झाकण काढून वाकून बसलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा करमत नाही का तुम्हाला?"

शनिवारी संध्याकाळी मी ताईंना सांगायचं ठरवलं. त्यांच्या हातून ते तिकीट आणखी कुठे पडलं असेल, कशावर चिकटलं असेल, हे त्यांनाच आठवलं असतं. पण तसं खोदून विचारायचं तर कारण सांगावं लागणार होतं. मी खुर्ची ओढून बसलो. त्या अल्बमचं शेवटचं पान लावत होत्या. रंगांप्रमाणे लावलं होतं. तोंडाने बारीक गुणगुणत होत्या.

"काय हो?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. छान लावलंय."

"तिच्याइतकं नाही," त्या म्हणाल्या, आणि मी खुर्ची पुन्हा जागेवर सारली.

रविवारी सचिव वेळेवर आले. उंच, वाकलेले, कोटाच्या वरच्या खिशात भिंग. बसायच्या आधीच म्हणाले, "तुमच्या मिसेसशी माझे मतभेद होते. पण त्यांच्यासारखी नजर मंडळात दुसरी नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं." मग बसले. मी पाकीट आणि तिकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी पाकीट उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढल्यावर होतो तसा.

"हे पाण्यात घातलंय," ते म्हणाले. "कोणी घातलं हे पाण्यात?"

ताई चहा घेऊन दारातच होत्या.  मी म्हटलं, "मी."

"खोटं बोलतायत पाहुणे!" ताई म्हणाल्या. "श्रेय लाटायला बसलेत. मी सोडवली सगळी. यांना तर तिकिटाला हात कसा लावायचा तेही कळत नव्हतं परवापर्यंत." त्यांनी चहा ठेवला आणि अल्बम आणून सरळ सचिवांच्या मांडीवर दिला. "बघा. तिची सगळी. पुरी केली मी."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं. या माणसाने वयाने मोठ्या बाईंचीसुद्धा मंडळाच्या सभेत गय केली नव्हती, हे मी बायकोकडून ऐकलेलं. त्यांनी अल्बम उघडला. पान उलटलं. पुढचं उलटलं. सगळी पानं पाहिली, घाई न करता.

"एकाचाही दाता मोडलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "जन्मभर दात काढले मी बाई, पण इतकं अलगद मला कधी जमलं नाही."

ताई खूष होऊन आणखी साखर आणायला आत गेल्या.

मग सचिवांनी आवाज खाली आणला. "कधी?"

"गुरुवारी. मी कामावर होतो."

"त्यांना माहीत नाही?"

"नाही. आणि तुमच्याकडून कळू नये."

त्यांनी मान हलवली आणि भिंग डोळ्याला लावलं. ते तिकीट, ते पाकीट आणि झेरॉक्स, तिन्ही त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. चहावर साय धरली.

"रेघा यंत्राच्याच आहेत," ते म्हणाले. "आणि तुमच्या मिसेसचं बरोबर होतं असं मला आता वाटतं. पण मला वाटणं वेगळं आणि छापणं वेगळं. हे तिकीट याच पाकिटावरचं आहे हे मी दाखवू कसं? कोणीही उठून म्हणेल, कुठलंतरी तिकीट आणून टेकवलं. डावीकडचं हवं. त्याच्यावरची कड गोलाशी मिळाली की पुढे कोणाला बोलायला जागा नाही. मग दहा वेळा भिजलेलं असलं तरी चालेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर ऑक्टोबरच राहील." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "छपाईला जायला थोडा अवकाश आहे. तोवर जूनची ओळ मी कोरी ठेवतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

ताईंनी त्यांना जिन्यापर्यंत पोहोचवलं आणि परत येऊन म्हणाल्या, "भला माणूस आहे. ही उगाच त्याला नावं ठेवायची."

त्यानंतर मी गच्चीवरून येणारा पाइप सोडून आमच्या बाजूचे सगळे पाइप उघडून पाहिले. न्हाणीघराचं पायपुसणं, टबाची खालची बाजू, ताईंचा केरसुणीचा कोपरा, त्यांनी त्या दिवशी वापरलेली वर्तमानपत्रं, सगळं पाहिलं. रद्दीवाल्याने आपणहून मागची जागा पुन्हा झाडून दिली. ताई विचारतात, पाहुणे, काय हरवलंय तुमचं? मी म्हणतो, नळाचा एक वायसर.

पुस्तकातली ती ओळ अजून कोरी आहे. डावीकडचं तिकीट मिळालेलं नाही. ताईंना मी सांगितलेलं नाही.